निळीचे आकाश

गॉथिक ख्रिस्तमंदिर म्हटले की आपल्या मनासमोर करड्या दगडाची, उंच आणि काहीशी उदास वास्तू उभी राहते. निमुळत्या कमानी, रंगीत काचांतून झिरपणारा प्रकाश आणि बाकी सगळा नुसता दगड. ही प्रतिमा आपल्याला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकांनी दिली, मुंबईतील इंग्रजी अमदानीच्या इमारतींनी ती पक्की केली. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातील भाविक अशा मंदिरात पाऊल टाकी तेव्हा त्याला दगड क्वचितच दिसत असे. भिंतींवर गिलावा असे, गिलाव्यावर चित्रे असत, खांबांवर पट्टे आणि वेलबुट्टी असे. माथ्यावरच्या घुमटाला निळा रंग देऊन त्यावर सोनेरी तारे काढलेले असत. आज दिसणारा उघडा दगड हा बऱ्याच ठिकाणी नंतरच्या पिढ्यांच्या खरवडण्याचा परिणाम आहे.

या चित्रांचा उपयोग काय, हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेलचे महागुरुस्वामी सेरेनस यांनी आपल्या मंदिरांतील चित्रे फोडून टाकली, कारण लोक त्यांना भजू लागले होते. परमगुरुस्वामी संत ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून कळवले की, चित्रांची भक्ती होऊ न देणे योग्यच, पण ती फोडणे योग्य नव्हे. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांनी पुस्तकातले जे वाचावयाचे ते भिंतीवर वाचावे. पुढच्या हजार वर्षांत युरोपातल्या भिंतींवर जे रंगकाम झाले त्याच्या मुळाशी हे पत्र आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि त्या रंगकामाचा शेवट बहुधा एकाच वस्तूने झाला. ती वस्तू म्हणजे चुना. इंग्लंडमधील ईटन येथील शाळेच्या चॅपेलमध्ये १४७९ ते १४८७ या काळात पवित्र मरियेच्या चमत्कारांची चित्रे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर काढली गेली. १५६० मध्ये, नव्या धर्मसुधारकांच्या आदेशावरून, ती चुन्याने झाकण्यात आली. हे काम शाळेच्या न्हाव्याने केले. त्या गृहस्थाला त्यात पाप वाटले की पुण्य, याची नोंद कोणी ठेवली नसणार. त्याला मजुरी मिळाली एवढे खरे. १८४७ मध्ये चित्रे पुन्हा दृष्टीस पडली. वरची ओळ त्या वेळीच नष्ट झाली, खालची ओळ नव्या लाकडी बैठकांमागे दडून राहिली आणि १९२३ मध्ये बैठका हलवल्यावर ती उजेडात आली. जो चुना त्यांच्यावर घाला म्हणून आला, त्यानेच त्यांना तीनशे वर्षे ऊनवाऱ्यापासून आणि माणसांच्या हातांपासून जपले.

चुन्याविषयी मी इतके बोलते याला कारण आहे. माझे बाबा रंगारी होते. कारंजा (घाडगे) या आमच्या गावी त्यांनी चाळीस वर्षे घरे पोतारली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकांच्या मागच्या फळ्यांवर अक्षरे काढली. कारंजा नावाची गावे महाराष्ट्रात अनेक. वाशीमकडचे कारंजा (लाड) मोठे आणि नामांकित असल्यामुळे आमची पत्रे हमखास तिकडे जात आणि आठ-दहा दिवसांनी वळसा घालून येत. आमचे कारंजे वर्धा जिल्ह्याच्या कडेला, नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. संत्र्यांच्या बागा, सोयाबीन, कपाशी आणि रस्त्यावरची वर्दळ असे त्याचे रूप. कॅथलिक घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मध्ययुगीन चित्रकलेवरचे एक मोठे पुस्तक मला नोकरीच्या गावी ग्रंथालयात मिळाले, तेव्हा त्यातली पदुआ येथील स्क्रोवेन्यी चॅपेलची पाने मी सुट्टीत बाबांना दाखवायला घेऊन आले. ते चॅपेल एन्रिको स्क्रोवेन्यी या धनिकाने बांधले आणि २५ मार्च १३०५ रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणाला, त्याचा अभिषेक झाला. एन्रिकोचा बाप सावकार होता आणि त्याच्या जबर व्याजाची कीर्ती अशी की दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला थेट नरकात बसवले. बापाच्या पैशाचे परिमार्जन म्हणून मुलाने मंदिर बांधले, असे सांगतात. शेवटच्या न्यायाच्या चित्रात एन्रिको गुडघे टेकून त्या मंदिराची छोटी प्रतिकृती पवित्र मरियेला अर्पण करताना दिसतो. हेतू शुद्ध असेल नसेल, त्याने चित्रकार मात्र अचूक निवडला. तो म्हणजे ज्योत्तो.

बाहेरून ती वास्तू म्हणजे विटांचे साधे घर. आत शिरताच चारी भिंती बोलू लागतात. वरच्या ओळीत योआकीम आणि अन्ना या वृद्ध दांपत्याची कथा आणि मरियेचे बालपण. खालच्या ओळींत प्रभू येशूचा जन्म, जीवन, दुःखसहन आणि पुनरुत्थान. अगदी तळाशी करड्या रंगात सद्गुण आणि दुर्गुण समोरासमोर. सुवर्णद्वारापाशी योआकीम आणि अन्ना एकमेकांना भेटतात ते चित्र मला सर्वांत जवळचे वाटते. अपत्याची आशा सोडलेले ते दोन वृद्ध जीव, त्यांचे चेहरे एकमेकांत मिसळून गेलेले. पुढे क्रुसावरून उतरवलेल्या प्रभूच्या देहाभोवती माणसे रडतात आणि वर आकाशात लहान लहान देवदूत हंबरडा फोडतात. त्याआधीच्या चित्रकारांचे देवदूत सहसा असे रडत नसत. आणि या साऱ्यावर पसरलेले ते गडद निळे छत, त्यात सोनेरी ताऱ्यांच्या रांगा.

बाबांनी पाने उलटली. चेहऱ्यांकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. त्यांचा पहिला प्रश्न असा होता: “हे ओल्यावर काढलं की सुक्यावर?”

मला तेव्हा उत्तर ठाऊक नव्हते; पुढे वाचून कळले की प्रश्न नेमका होता. या पद्धतीत भिंतीवर चुना-वाळूचा ताजा गिलावा चढवतात आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावतात. रंगात ना डिंक, ना तेल. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो, पाण्याने तो विझवतात, आणि भिंतीवर वाळताना तो हवेतला कर्बवायू ओढून घेऊन पुन्हा चुनखडीच बनतो. जे दगडातून निघाले ते परत दगड होते आणि त्या होण्यात रंगाचे कण आतल्या आत बांधले जातात. म्हणून चित्रकाराला एका दिवसात पुरे होईल तेवढाच गिलावा चढवावा लागतो. ज्योत्तोच्या भिंतींवर या दिवसांच्या सांधेरेषा जवळून पाहिल्यास अजून दिसतात. एखाद्या चेहऱ्याला पुरा दिवस, तर मोकळ्या जागेला एकाच दिवसात मोठा तुकडा. मजुराच्या हजेरीपटासारखीच ती नोंद आहे.

निळा रंग मात्र या व्यवहारात बसत नाही. ज्योत्तोच्या काळचा नेहमीचा निळा म्हणजे अझुराइट नावाचा तांब्याचा खनिज रंग. त्याचे ओल्या चुन्याशी जमत नाही, म्हणून गिलावा वाळल्यावर तो सरसात कालवून वरून लावावा लागे. परिणाम असा की चेहरे, डोंगर, घरे टिकली आणि पवित्र मरियेच्या झग्याचा निळा रंग कित्येक ठिकाणी गळून गेला. बाबांनी त्या पानांवर बोट ठेवून हेच सांगितले होते: “इथला निळा वरून दिलेला आहे. चुन्यानं तो धरला नाही.”

याहून महाग निळा म्हणजे लाजवर्दाचा. तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून निघे, समुद्र ओलांडून व्हेनिसला पोचे आणि दळून, धुऊन त्याचा रंग तयार होईपर्यंत सोन्याच्या भावाशी स्पर्धा करी. मरियेच्या वस्त्रासाठी तोच वापरावा, असे दाते करारात लिहून घेत. मग १८२४ मध्ये फ्रान्समधील एका संस्थेने हा रंग स्वस्तात बनवणाऱ्याला बक्षीस जाहीर केले आणि १८२८ मध्ये गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते मिळवले. चिनीमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून त्याने तोच रंग बनवला. तो चुन्यात टिकतो, उन्हात टिकतो. फक्त आम्लापुढे हरतो. हा कारखान्यातला रंग पुढे आपल्या घरोघरी आला, धोतर-लुगडी पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून बादलीत टाकण्याच्या निळीच्या पुडीतून. नाव जुन्या झाडाच्या निळीचे राहिले, आत वस्तू बदलली. ज्या रंगासाठी राजे कर्ज काढीत, तो आमच्या आईच्या मोरीच्या कोनाड्यात असे.

बाबांनी तोच वापरला. गावात ख्रिस्तमंदिर नव्हते. महिन्यातून एकदा फादर येत आणि आमच्या पुढच्या खोलीत मिस्सा अर्पण करीत. खोलीचे छत लोखंडी गर्डरवर टाकलेल्या फरशीचे. एका नाताळापूर्वी, मी सातवीत असताना, बाबांनी ते छत रंगवायला घेतले. विझवलेल्या चुन्यात सरस आणि निळीच्या पुड्या घालून त्यांनी तीन हात दिले. मग पत्र्यात तारा कापून त्याची स्टेन्सिल केली आणि पिवडीने एकेक तारा उठवला. मी शिडी धरून उभी होते. पिवडीचे थेंब माझ्या केसांत पडत होते. भिंतींना वरच्या बाजूने हातभर रुंदीचा पट्टा काढला. त्यात हिरमुजीची पाने आणि नारिंगी फळे, अर्थात संत्री. माणसाची आकृती त्यांना येत नसे आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. वेदीच्या टेबलामागे मरियेची छापील तसबीर होती, तिलाच त्यांनी रंगीत कमान काढून दिली.

छताच्या गर्डरांमध्ये पाच पट्टे होते. प्रत्येक पट्ट्यात दहा तारे. आईची बोटे संधिवाताने वाकलेली, जपमाळेचे मणी तिच्या हातून निसटत. ती पाठ टेकून पडे आणि छताकडे पाहत दहा-दहाची रोझरी पुरी करी. पहिल्या पट्ट्याला पहिले रहस्य, पाचव्याला पाचवे. तिला अक्षर येत नव्हते. संत ग्रेगरींनी जिच्यासाठी ते पत्र लिहिले ती बाई आमच्या घरातच होती.

पुढे मी मुंबईला गेले तेव्हा कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल मुद्दाम पाहिले. १९०५ चे हे मंदिर. दोन मनोरे, टोकदार कमानी, असा मध्ययुगाचा नवा अवतार. आतली चित्रे येशूसंघीय बंधू अंतोनियो मोस्केनी यांची. इटलीतील बेर्गामोजवळच्या स्तेझ्झानो गावचे हे चित्रकार. १८९९ मध्ये मंगळूरच्या संत अलोशियस चॅपेलच्या भिंती-छते त्यांनी रंगवायला घेतली. तिथे भिंतींवर त्यांनी ओल्या गिलाव्यात काम केले, छतावरची बरीच चित्रे मात्र कापडावर तैलरंगात काढून चढवली. दमट हवेत चुना कधी वाळायचा आणि कधी बुरशी धरायचा, याचा अंदाज बांधत या माणसाने पालखीवर पाठ टेकून काम केले असेल. पालखी म्हणजे आम्हा रंगाऱ्यांच्या घरातली उंच माचाण. नोव्हेंबर १९०५ मध्ये कोचीनच्या सांताक्रूझ मंदिराचे काम चालू असतानाच ते वारले. मंदिराचा अभिषेक अवघ्या काही दिवसांवर होता.

ही चित्रे सुंदर आहेत. तरी त्यांतले सगळे चेहरे बेर्गामोकडचे, हे लपत नाही. याबाबत गोव्याच्या सान्तो इस्तेव्ह गावचे आंजेलो दा फोन्सेका यांची आठवण होते. १९०२ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात धडे घेतले आणि मरियेला लुगडे नेसवले. गोव्यात त्यावर टीका झाली. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ मध्ये निवर्तले. आज त्यांच्या चित्रांचा गौरव होतो. माझे मत विचाराल तर दोघेही हवेत, पण आपल्या खेड्यांतल्या चॅपेलमधून दोघेही दिसत नाहीत. दिसते ती गुळगुळीत फरशी आणि फिकट गुलाबी रंग. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात प्रतिमा मंदिरांत राहाव्यात, मात्र त्यांची संख्या मर्यादित असावी, असे सांगितले. आपल्यातल्या काहींनी त्यातला दुसरा भागच तेवढा वाचला. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस असिसीच्या मंदिरात उभे राहिले म्हणजे वेगळे काही कळते. पहिल्या मंदिराचे गॉथिक वळणाचे दार तसेच ठेवून १६६१ मध्ये नवे मंदिर बांधले, आणि आतल्या कमानींच्या भिंतींवर फुलापानांची दाट नक्षी आहे. ती रेखणारे हात कुठले होते, हे त्या पानांच्या वळणावरून ज्याने त्याने ओळखावे.

बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली, आईही गेली. मधल्या काळात भिंतींना गुलाबी डिस्टेंपर दिला गेला होता. छतापर्यंत शिडी न्यायचा कंटाळा म्हणा की आईचा धाक म्हणा, छत राहिले. दोन पावसाळ्यांपूर्वी गळतीमुळे डिस्टेंपरचे पापुद्रे सुटले आणि त्याखालून संत्री डोकावू लागली. धाकट्या भावाने फोन केला. “ताई, घर आता राहत नाही. गर्डर गंजलेत. पाडून स्लॅब टाकायचा म्हणतोय.” तो चुकीचे बोलत नव्हता. त्याच्या घरात लहान मुले आहेत आणि छताची फरशी कोणाच्या डोक्यावर पडावी असे कोणालाही वाटणार नाही.

मग त्याने माझे मन राखण्यासाठी एक सुचवले: नव्या स्लॅबला निळा रंग देऊ, चांगला पेंटर बोलावून तारे हुबेहूब काढून घेऊ. मला जर्मनीतील ल्युबेकची गोष्ट आठवली. तिथल्या मरियेच्या गॉथिक मंदिरावर १९४२ मध्ये, झावळ्यांच्या रविवारच्या रात्री, बॉम्ब पडले. आगीच्या धगीने भिंतीवरचा जुना चुना सुटला आणि खालून मध्ययुगीन चित्रे निघाली. युद्धानंतर दोघा कारागिरांना जीर्णोद्धाराचे काम दिले गेले. १९५१ मध्ये मंदिराचा सातशेवा वर्धापन थाटाने झाला, खुद्द चॅन्सलर आडेनावर आले, टपाल तिकिटे निघाली. पुढच्याच वर्षी त्यांतल्या माल्स्कात नावाच्या चित्रकाराने सांगून टाकले की अनेक आकृती जुन्या नव्हेतच, त्या त्याने स्वतः काढल्या. आधी श्लेसविगच्या मंदिरात ज्या जीर्णोद्धारात तो होता तिथल्या भिंतीवर तर टर्की पक्षी निघाला, जो कोलंबसापूर्वी युरोपात नव्हताच. १९५५ मध्ये त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. लोक फसले यापेक्षा मला बोचते ते हे की, जे थोडे खरे उरले होते तेही त्या नव्या रंगाखाली गेले.

भावाला मी म्हटले, “नवं छत पांढरं ठेव. जुनं आहे तसं उतरवू दे. मला पंधरा दिवस दे.” वहिनी मधे बोलली म्हणून मिळाले. मी कारंज्याला गेले. सुकलेल्या कपड्याने आणि लाकडी पट्टीने डिस्टेंपर हळूहळू सोडवला. वेदीमागची कमान आणि पट्ट्याचा साधारण सहा हात भाग निघाला. ट्रेसिंग कागदावर तो उतरवून घेतला. एका संत्र्याला पान काढायचे राहिले आहे. त्या दिवशी कोणी पाटीचे गिऱ्हाईक आले असावे.

छत उतरवणारे गवंडी मूळचे बालाघाटकडचे. “फोडू नका, एकेक काढा,” म्हटल्यावर त्यांनी जास्तीची मजुरी सांगितली, जी रास्त होती. एकंदर पंचवीस फरश्या, प्रत्येकीवर दोन तारे. बावीस अखंड उतरल्या. तीन तुटल्या, त्या तिसऱ्या पट्ट्यातल्या.

आमच्या फादरांनी फरश्यांसाठी धर्मग्रामाच्या सभेत विषय ठेवला. एकाचे म्हणणे, प्रार्थनागृहाच्या नव्या छताला त्या आतून लावाव्यात. दुसऱ्याने हिशेब केला: एकेक फरशी दोघांना उचलेना, बावीस वर टांगायच्या म्हणजे लोखंडाचा खर्च किती? एका तरुणाने वार्निश मारून भिंतीशी ओळीने उभ्या करू, असे सुचवले. वार्निशला मी नाही म्हटले; चुन्याला श्वास घ्यावा लागतो, वार्निशखाली ओल कोंडली की रंग पापुद्र्यासकट सुटतो. त्याने ते ऐकून घेतले आणि मग विचारले, “पण काकू, तीन तुटल्या आहेत, मग तिसऱ्या रहस्याचं काय करायचं?” सभेत थोडे हसू झाले. एक म्हातारी बाई, जी आमच्या घरच्या मिस्सेला लहानपणी येत असे, म्हणाली की जागा मोकळी ठेवा, म्हणणाऱ्याला कळेल.

निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. फरश्या सध्या भावाच्या गोठ्यात कोरड्या जागी, खाली लाकडी ओंडके देऊन, तारे आतल्या बाजूस करून उभ्या आहेत. गेल्या महिन्यात त्या मोजायला गेले तेव्हा एकीवर हात फिरवला. पिवडी पक्की आहे. निळा मात्र बोटांना थोडा लागला.